एक शब्द, तीन व्याधी : मेंढीतील जंत आणि तिचे रक्त

मराठीतील ‘जंत’ हा शब्द संस्कृत ‘जन्तु’ ह्या शब्दापासून आला आहे. जन्म घेणारा, म्हणजे कोणताही प्राणी, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीत त्याला दोन फाटे फुटले. ‘जंतू’ हा तत्सम शब्द सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रोगकारक जीवांसाठी रूढ झाला आणि ‘जंत’ हा तद्भव शब्द पोटातील कृमींपुरता उरला. औषधाच्या दुकानात आज ‘जंतुनाशक’ आणि ‘जंतनाशक’ ह्या दोन शब्दांत केवळ एका उकाराचा फरक असतो. परंतु पहिले द्रव्य जखम धुण्यासाठी वापरतात आणि दुसरे पाजतात. एवढा भेद भाषेने सांभाळला आहे. पोटातील कृमींचा आपापसांतील भेद मात्र ‘जंत’ ह्या शब्दात शिल्लक राहिलेला नाही.

मेंढीच्या चौथ्या पोटातील सुतासारखा रक्तशोषक कृमी, तिच्या यकृतातील पानासारखा चपटा कृमी आणि लहान आतड्याला चिकटणारा कोवळा चपटा कृमी, ह्या तिघांनाही व्यवहारात जंतच म्हणतात आणि तिघांवरही ‘जंताचे औषध’ मागितले जाते. तिन्ही व्याधींत मेंढी रोडावते, तिची लोकर निस्तेज होते, आणि पुढे जबड्याखाली पाणी उतरते. बाह्य लक्षणे पुष्कळशी सारखी, नावही एकच. भेद स्पष्ट होतो तो रक्तात. हा भेद कसा उत्पन्न होतो आणि तो कसा वाचावा, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयात शिरण्याचे कारण इतकेच की, येथे शब्दाचा मोघमपणा ही केवळ कोशकाराची अडचण राहत नाही. नाव मोघम असले की औषध मोघम दिले जाते, आणि त्याची किंमत मेंढपाळ आपल्या कळपातून मोजतो.

रत्नागिरीचा संबंध

रत्नागिरी जिल्हा मेंढ्यांचा मुलूख नव्हे. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि महाराष्ट्रातील दख्खनी मेंढी तर कोरड्या पठाराची. सह्याद्रीच्या उतारावर राहणारे गवळी धनगर हे प्रामुख्याने म्हशी व गाई पाळणारे आहेत. मेंढरे येतात ती घाटावरून. भाताची कापणी उरकली की देशावरील धनगर मेंढपाळांचे वाडे सह्याद्री उतरून कोकणात येतात. शेतकरी आपल्या रिकाम्या खाचरांत मेंढरे बसवून घेतो. लेंडीखताने जमिनीचा कस वाढतो आणि मेंढपाळाला मोबदल्यात धान्य किंवा पैसा मिळतो. पावसाळा जवळ आला की वाडे पुन्हा घाट चढतात.

ही व्यवस्था दोन्ही पक्षांच्या हिताची आहे. परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. भातखाचरे, पाट, ओहोळ आणि पाणथळ जागा ह्या गोड्या पाण्यातील गोगलगायींची घरे होत. चपट्या कृमींच्या जीवनक्रमात अशी गोगलगाय अनिवार्य असते. कृमीची अंडी लेंड्यांतून पाण्यात पडतात. त्यांतून निघालेला डिंभ गोगलगायीत शिरतो, तेथे बहुगुणित होतो आणि बाहेर पडून काठच्या गवतावर किंवा धसकटांवर कवच धारण करून बसतो. हिरव्या चाऱ्याच्या ओढीने मेंढी नेमकी तेथेच तोंड घालते. सुतासारख्या कृमीला गोगलगायीची गरज नसते. त्याला दमट, उबदार कुरण पुरते. म्हणून तो मेंढरांच्या पोटात शिरतो तो प्रामुख्याने पावसाळ्यात, देशावरच्या कुरणांतून. अशा रीतीने एकाच कळपात दोन ऋतूंचे आणि दोन मुलखांचे कृमी एकत्र नांदू शकतात.

रक्तात काय मोजावयाचे

रक्ताचे दोन भाग पाडता येतात : पेशी आणि त्या ज्यात तरंगतात तो रक्तद्रव. रक्त साकळू दिल्यावर वर जो पिवळसर द्राव उरतो त्यास रक्तरस म्हणतात. पेशींच्या बाजूने दोन गोष्टी मोजतात. पहिली, तांबड्या पेशींनी रक्ताचा किती भाग व्यापला आहे ती. निरोगी मेंढीत हे प्रमाण सामान्यतः शेकडा २७ ते ४५ असते. दुसरी, हीमोग्लोबिन; ते १०० मिलिलिटर रक्तात साधारणतः ९ ते १५ ग्रॅम असते.

रक्तरसात मुख्यतः प्रथिने पाहतात. एकूण प्रथिने १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ६ ते ७.९ ग्रॅम असतात. त्यांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. अल्ब्युमीन हे यकृतात तयार होते. रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवण्याचे काम मुख्यत्वे त्याचे. ग्लोब्युलीन ह्या वर्गात रोगप्रतिकारक द्रव्ये येतात. ह्यांखेरीज काही वितंचके, म्हणजे एंझाइमे, मोजली जातात. ती एरवी पेशींच्या आत असतात. पेशी फुटल्या वा दुखावल्या की ती रक्तात सांडतात. कोणते वितंचक वाढले ह्यावरून कोणत्या अवयवाला इजा झाली त्याचा अंदाज बांधता येतो. वय, जात, आहार आणि प्रयोगशाळेची पद्धती ह्यांनुसार वरील मर्यादा थोड्याफार बदलतात. म्हणून शक्य तेथे त्याच कळपातील निरोगी मेंढ्यांशी तुलना करणे श्रेयस्कर.

पहिली व्याधी : रक्तशोषक कृमी

ह्या कृमीचे शास्त्रीय नाव हीमाँकस कंटॉर्टस. नावाच्या आरंभीचे ‘हीमा’ म्हणजे ग्रीक भाषेत रक्त, आणि ‘कंटॉर्टस’ म्हणजे लॅटिनमध्ये पिळलेला. मादीचे रक्ताने भरलेले तांबडे आतडे आणि पांढरे बीजाशय हे दोन धागे एकमेकांभोवती पिळल्यासारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडले.

एक कृमी दिवसाकाठी सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त नाहीसे करतो असे मानले जाते. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु चौथ्या पोटात असे पाच हजार कृमी असले तर रोज पाव लिटर रक्त जाते. तीस किलो वजनाच्या मेंढीच्या अंगात एकंदर रक्त दोन लिटरांच्या आसपास असते, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या गळतीचे स्वरूप कळते.

येथे पेशी आणि रक्तद्रव दोन्ही एकत्र जातात. म्हणून तांबड्या पेशींचे प्रमाण, हीमोग्लोबिन आणि अल्ब्युमीन ही तिन्ही उतरतात. १९७५ साली डार्गी आणि ॲलनबी ह्या संशोधकांनी मेरिनो मेंढ्यांवरील आपल्या अभ्यासात ह्या ऱ्हासाच्या तीन अवस्था दाखविल्या. पहिल्या अवस्थेत, संसर्गानंतरच्या पहिल्या तीन-साडेतीन आठवड्यांत, रक्त झपाट्याने घटते, कारण अस्थिमज्जा अद्याप जागी झालेली नसते. दुसऱ्या अवस्थेत अस्थिमज्जा नेटाने नव्या पेशी बनवू लागते आणि प्रमाण खालच्या पातळीवर स्थिर राहते. परंतु लोहाचा साठा हळूहळू रिता होत जातो. तिसऱ्या अवस्थेत लोह आणि प्रथिने संपतात आणि रक्त पुन्हा कोसळते. मधल्या अवस्थेतील स्थिर आकडा पाहून मेंढी सावरली असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः ती भांडवल मोडून दिवस काढीत असते.

अल्ब्युमीन घटले की रक्तवाहिन्यांतील पाणी बाहेर पाझरते. चरताना मेंढीची मान दिवसभर खाली असते, म्हणून ते पाणी जबड्याखाली साचते. रात्री विश्रांतीनंतर सूज काहीशी ओसरलेली आढळते. ह्या व्याधीत हगवण असतेच असे नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पातळ लेंडी नाही म्हणून जंत नाहीत, हा तर्क येथे फसतो.

दुसरी व्याधी : यकृतातील चपटा कृमी

भारताच्या मैदानी व भातशेतीच्या प्रदेशांत यकृतात आढळणारा चपटा कृमी मुख्यत्वे फॅसिओला जायगँटिका ह्या जातीचा असतो. गवताबरोबर गिळलेले कोवळे कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतात आणि काही आठवडे यकृताचे ऊतक कुरतडीत फिरतात. पुढे ते पित्तनलिकांत स्थिरावतात आणि तेथे प्रौढ होतात.

ह्या दोन मुक्कामांची नोंद रक्तात दोन निराळ्या वितंचकांनी होते. यकृतपेशी फुटत असताना ग्लुटामेट डिहायड्रोजनेज हे वितंचक वाढते. कृमी पित्तनलिकांत पोहोचून तेथील अस्तर दुखावू लागले म्हणजे गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज वाढते. पहिले वाढलेले आणि दुसरे अद्याप सामान्य असेल, तर कृमी वाटेवर आहेत. दुसरे चढले असेल, तर ते मुक्कामी पोहोचले आहेत, असे अनुमान करता येते.

माणसांच्या तपासणीमुळे परिचित झालेली दोन वितंचके येथे दिशाभूल करू शकतात. यकृताच्या दुखण्यात माणसात ज्याकडे प्रथम पाहतात ते ॲलनिन अमिनोट्रान्सफरेज मेंढीच्या यकृतात फार अल्प असते. म्हणून ते वाढले नाही ह्यावरून यकृत निरोगी ठरत नाही. ॲस्पार्टेट अमिनोट्रान्सफरेज यकृताप्रमाणेच स्नायूंतही असते. घाट चढून-उतरून थकलेल्या मेंढीत ते स्नायूंच्या श्रमानेही वाढू शकते. माणसासाठी केलेल्या शब्दकोशाने मेंढीचे रक्त वाचू नये, हा ह्यातील बोध.

प्रथिनांचे वर्तनही पाहण्याजोगे आहे. यकृत दुखावल्याने अल्ब्युमीन कमी बनते आणि पित्तनलिकांतून रक्त गळत राहिल्याने ते वाहूनही जाते. त्याच वेळी प्रतिकार म्हणून ग्लोब्युलीन वाढते. परिणामी एकूण प्रथिनांचा आकडा पुष्कळदा सामान्य दिसतो. केवळ बेरीज पाहणाऱ्यास रोग दिसत नाही. दोन पदे सुटी करून पाहणाऱ्यास तो दिसतो. तांबड्या पेशींची घट ह्या व्याधीत होतेच, परंतु बहुधा सावकाश.

कालमान हा ह्या व्याधीतील सर्वांत फसवा भाग होय. ह्या जातीची अंडी लेंड्यांत दिसू लागण्यास संसर्गापासून साधारणतः बारा ते सोळा आठवडे लागतात. पौष-माघात कोकणातील ओहोळाकाठी गिळलेला कृमी चैत्र-वैशाखात आपले अस्तित्व लेंडीतून प्रकट करतो. तोवर वाडा घाटाच्या वर गेलेला असतो किंवा निघण्याच्या बेतात असतो. रोगाचे मूळ एका जिल्ह्यात आणि त्याचे दर्शन दुसऱ्या जिल्ह्यात, असा हा प्रकार आहे. मधल्या काळात लेंडीची तपासणी निर्दोष येते आणि रक्तातील वितंचके मात्र वाढलेली असतात.

तिसरी व्याधी : आतड्यातील कोवळा चपटा कृमी

पॅरम्फिस्टोमम आणि त्याच्या कुळातील कृमींना ‘अँफिस्टोम’ असे सामान्य नाव आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दोन्हीकडे मुख असलेला. प्रत्यक्षात मुख एकच असते. मागच्या टोकाचे शोषक चूषक पाहून जुन्या निरीक्षकांना ते दुसरे मुख वाटले. चूक दुरुस्त झाली, नाव तसेच राहिले.

प्रौढ अवस्थेत हे कृमी कोठीपोटात राहतात आणि तेथे त्यांचा उपद्रव अल्प असतो. अपाय करतात ते कोवळे कृमी. ते लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, अस्तरात रुतून वाढतात. त्यामुळे आतड्यास तीव्र दाह होतो, दुर्गंधीयुक्त पातळ हगवण लागते आणि रक्तद्रवातील प्रथिने आतड्यात पाझरतात. अल्ब्युमीन उतरते, जबड्याखाली सूज येते. परंतु तांबड्या पेशींचे प्रमाण आरंभी फारसे घटत नाही. हगवणीने अंगातील पाणी गेल्यामुळे रक्त दाट होऊन ते प्रमाण उलट वाढलेलेही दिसू शकते. कोवळे कृमी अंडी घालीत नाहीत, म्हणून मेंढी मरणाच्या दारी असतानाही लेंडीत अंडी सापडत नाहीत.

आकडे एकत्र वाचणे

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. अल्ब्युमीनची घट तिन्ही व्याधींत आढळते. म्हणून ती एकटी काहीच निश्चित सांगत नाही. ती तांबड्या पेशींच्या घटीबरोबर आली, यकृताची वितंचके सामान्य असली, तर रोख रक्तशोषक कृमीकडे जातो. ती ग्लोब्युलीनच्या वाढीबरोबर आणि यकृताच्या वितंचकांबरोबर आली, तर यकृतातील कृमीकडे. ती हगवणीबरोबर आली आणि तांबड्या पेशी जागच्या जागी असल्या, तर आतड्यातील कोवळ्या कृमीकडे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ जसा शेजारच्या पदांनी ठरतो, तसाच येथे आकड्याचा अर्थ शेजारच्या आकड्यांनी ठरतो.

ह्या वाचनाला मर्यादाही आहेत. उपासमारीने अल्ब्युमीन घटते. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रक्तातील परजीवींमुळे तांबड्या पेशी घटतात. एकाच मेंढीत दोन-तीन कृमी एकत्र असले तर चित्र मिसळते. म्हणून लेंडीची तपासणी, चराईचा इतिहास आणि मेलेल्या मेंढीचे शवविच्छेदन ह्यांची जोड रक्ताला द्यावीच लागते.

प्रत्येक वाड्याजवळ प्रयोगशाळा असणे शक्य नाही. दक्षिण आफ्रिकेत ह्यावर एक सोपा उपाय काढण्यात आला. डोळ्याची खालची पापणी ओढून आतील रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून पाहावयाचा. तांबडी छटा पहिली, पांढरी पाचवी. फाफा मलान ह्या पशुवैद्याच्या नावातील अक्षरे आणि ‘चार्ट’ हा शब्द जोडून त्या पद्धतीस ‘फामाचा’ असे नाव पडले. फिक्या छटांच्या मेंढ्यांनाच औषध द्यावयाचे, हे तिचे सूत्र. मात्र ती तांबड्या पेशींची घटच दाखवू शकते. आतड्यातील कोवळ्या कृमीने आजारी झालेल्या मेंढीची पापणी तांबडी राहू शकते, हे विसरता कामा नये.

‘औषध लागू पडत नाही’

ह्या तक्रारीचे दोन निराळे अर्थ होऊ शकतात. पहिला अर्थ असा की, औषध दुसऱ्याच कृमीचे होते. आयव्हरमेक्टिन गोल कृमींवर चालते. चपट्या कृमींवर त्याचा परिणाम होत नाही. अल्बेंडॅझोल गोल कृमींबरोबर यकृतातील प्रौढ चपट्या कृमींवर चालते, पण यकृत कुरतडणाऱ्या कोवळ्यांना ते पुरे पडत नाही. त्यांच्यावर ट्रायक्लाबेंडॅझोल प्रभावी ठरते. दुसरा अर्थ असा की, औषध योग्य होते, पण कृमी त्याला निर्ढावले आहेत. रक्तशोषक कृमीत असा प्रतिरोध जगात अनेक ठिकाणी आणि भारतातही आढळून आला आहे. सगळ्या कळपाला वारंवार एकच औषध पाजले, किंवा वजनाच्या मानाने ते कमी पाजले, तर औषधाला दाद न देणारे कृमी तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. दोन्ही अर्थांवर उपाय परस्परांहून भिन्न आहेत. पहिल्यात निदान बदलावे लागते, दुसऱ्यात औषध आणि ते देण्याची रीत. कोणते औषध किती द्यावयाचे हे पशुवैद्यानेच ठरवावे. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचणारी तक्रार नेमकी असणे हे भाषेचे काम आहे.

जातीनिहाय प्रतिकारशक्तीचा विचारही महाराष्ट्रात झालेला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील सुंदरबनाच्या दलदलीत वाढणाऱ्या गॅरोल मेंढीचा दख्खनी मेंढीशी संकर केला. त्यामागे जुळी कोकरे देणारा गुण आणण्याचा उद्देश होता. पण त्याच कार्यात गॅरोल रक्ताच्या कोकरांत कृमींच्या अंड्यांचे प्रमाण तुलनेने कमी असल्याचेही आढळले. पाणथळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जातीने कृमींना तोंड देण्याची शक्ती कमावलेली असणे स्वाभाविक आहे.

परिभाषेसंबंधी

आपल्या परंपरेत कृमींचे वर्गीकरण नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले असून, मल, रक्त, कफ आणि पुरीष ह्या त्यांच्या उत्पत्तिस्थानांनुसार त्यांचे गट पाडलेले आहेत. आजच्या जातींशी त्यांचा मेळ घालणे व्यर्थ होय. परंतु कृमीचे नाव त्याच्या ठिकाणावरून ठेवावे, ही दृष्टी आजही उपयोगी पडणारी आहे.

त्या दृष्टीने ‘जंत’ हा रूढ शब्द टाकून देण्याची गरज नाही. त्याला विशेषण जोडणे पुरेसे आहे : रक्तपित्या जंत, यकृतातील चपटा जंत, आतड्यातील कोवळा चपटा जंत. हे शब्द मेंढपाळाला समजतात आणि पशुवैद्याला निश्चित अर्थ देतात. लॅटिन-ग्रीक नावे प्रबंधात राहोत; औषधाच्या वेष्टनावर आणि दवाखान्याच्या नोंदवहीत हे मराठी शब्द यावेत.

असाच विवेक ‘पांडुता’ आणि ‘रक्तक्षय’ ह्या दोन शब्दांबाबत करावा. ‘पांडुता’ हा रंग सांगतो, म्हणजे पापणीत दिसणारे लक्षण. ‘रक्तक्षय’ हा अवस्था सांगतो, म्हणजे मोजून सिद्ध झालेली घट. पहिला शब्द कुरणावर वापरावा, दुसरा प्रयोगशाळेत. दोन्ही एकमेकांच्या जागी वापरले की पाहिलेले काय आणि मोजलेले काय, हे अहवाल वाचणाऱ्यास कळेनासे होते.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष कामास वाव आहे. भाताच्या कापणीनंतर जिल्ह्यात उतरणाऱ्या वाड्यांत मेंढीच्या दुखण्यांसाठी कोणते शब्द वापरले जातात, कोणत्या सुजेला काय म्हणतात, कोणत्या हगवणीला काय, ह्याचा संग्रह लक्षणांसह आणि महिन्यांसह केला, तर त्यातील काही शब्द वर सांगितलेले भेद आधीच सांभाळून असल्याचे कदाचित आढळेल. तसे आढळल्यास परिभाषा नव्याने घडवावी लागणार नाही; ती केवळ नोंदवून, रक्ताच्या तपासणीशी पडताळून घ्यावी लागेल.